‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

प्रश्न : फाल्गुनात आमच्याकडे गहू कापणीला आणि रांगडा कांदा काढणीला एकदमच येतो. मागच्या आठवड्याच्या अंदाजात नाशिक जिल्ह्यासाठी ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’ असे होते, म्हणून आम्ही कांद्याची काढणी चार दिवस लांबवली. आमच्या शिवारात थेंबही पडला नाही. तीन कोसांवरच्या गावात मात्र गारा पडल्या. अशा अंदाजावर विसंबून आठवड्याची कामे आखावीत का? — एक वाचक, ता. निफाड

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून तो अंदाज चुकला असे मला म्हणता येणार नाही. एका गावात पाऊस आणि बाकी शिवारे कोरडी, याचेच नाव तुरळक. बोलताना आपण हा शब्द पावसाच्या जोराला लावतो. हवामान विभागाच्या पत्रकात मात्र तो जागेचे माप सांगतो. त्या भागातील चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, पाऊण हिश्श्यापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. जोर सांगणारे शब्द वेगळे असतात : ‘हलका’ म्हणजे दिवसभरात साधारण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे वाचायला विचित्र वाटले, तरी त्यात विसंगती काही नाही.

या दिवसांत पाऊस असा ठिपक्याठिपक्यांनी का पडतो, हेही पाहू. मोसमी पावसाचे ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तसे नसते. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकत असताना वायव्येचे कोरडे, थंड वारे आणि समुद्रावरून येणारे दमट वारे महाराष्ट्रावर एकमेकांना भिडतात. खाली जमीन दुपारपर्यंत तापलेली असते, आणि दोन-तीननंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. असा एकेक मनोरा काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि बहुधा तासाभरात विरतो. शिवाय या काळात आकाशातील गोठणपातळी, म्हणजे जिच्यावर पाणी गोठते ती उंची, मे महिन्यापेक्षा खाली असते, त्यामुळे गारा वाटेत न वितळता जमिनीपर्यंत पोहोचतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्राने ते फार मोठ्या प्रमाणावर भोगले. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांना कोणत्या दिवशी हवा बिघडेल हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. शेताच्या कोणत्या गटावर गार पडेल हे कळत नाही, आणि मोबाईलवर आपल्या गावाच्या नावापुढे ढगाचे चित्र दिसले म्हणून ते कळले असेही होत नाही.

म्हणून आठवड्याचे सातही दिवस एका मापाने वाचू नयेत. पहिल्या दोन दिवसांवर काम ठरवावे, तिसऱ्या ते पाचव्यावर मजुरांशी आणि हार्वेस्टरवाल्याशी बोलणी करून ठेवावीत; सातव्या दिवसाच्या अंदाजासाठी मी तरी ठरलेले मजूर परत पाठवणार नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला पाहावा, आणि दुपारी आभाळ भरू लागले की पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा.

‘तुरळक’ असताना काढणी थांबवण्यापेक्षा ती आटोपशीर करणे बरे. सकाळी जेवढा कांदा दुपारपर्यंत गोळा होईल तेवढाच उपटावा आणि ताडपत्री बांधावर आणून ठेवावी, घरी नव्हे. पिकलेला गहू मात्र उभा ठेवू नये, कारण भिजलेल्या दाण्याची चकाकी जाते आणि बाजारात तेच आधी पाहिले जाते. दाणा अजून भरत असेल, तर वादळी वाऱ्याच्या दिवशी पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत गहू लोळतो.

प्रश्न : किनाऱ्यावर ३७ अंशांनाच उष्णतेची लाट म्हणतात, हे कसे? आमची आंब्याची कलमे सुपारीएवढ्या फळांवर आहेत. — एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : मैदानी भागात ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश, शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, असा तो निकष आहे, कारण किनाऱ्यावरची दमट हवा तेवढ्या तापमानातही असह्य होते. या ऋतूत पारा चढतो तो बहुधा पूर्वेकडील वाऱ्यांमुळे. त्यांचा जोर असेल तर खारे वारे उशिरा आत येतात आणि दुपार तापत राहते. तेव्हा अंदाजात तापमानाच्या जोडीने वाऱ्याची दिशाही पाहत जा. पूर्वेचा वारा दोन-तीन दिवस टिकणार असेल, तर फळगळ कमी व्हावी म्हणून मोठ्या कलमाला १५० ते २०० लिटर पाणी आधीच द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन घालावे. अंदाजातले तापमान सावलीतले असते. उघड्या कातळावरच्या बागेत झाडांना त्याहून अधिक झळ लागते.