लहानपणी रडलं की ओरडा बसायचा, आता कुणी आवाज चढवला की माझी वाचाच बसते. चॅटबॉटशी बोलून हे सुटेल का?

नुसत्या चॅटबॉटने नाही. पण फोन नोंदी ठेवायला फार कामाचा आहे.

गप्प बसणं हा त्या वयातला बचाव होता. रडू गिळलं की ओरडा टळायचा. शरीराने तेच धरून ठेवलंय. म्हणून साहेबांचा आवाज चढला की आधी घसा आवळतो, विचार मागाहून येतो. असं झालं की तासाभरात नोट्समध्ये चार ओळी लिहा: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, मनात कुठलं वाक्य आलं, तीव्रता १० पैकी किती. रात्री आठवून लिहिलं तर राग तेवढा उरतो, त्याआधीची भीती निसटते, आणि तीच तर हवी असते. दोन आठवड्यांच्या नोंदी समुपदेशकाला दाखवा.

चॅटबॉट आवाज चढवत नाही, बहुतेकदा तुमचीच री ओढतो. त्यामुळे समोरच्याला ‘जरा हळू बोला’ म्हणायचा सराव तिथे होत नाही. तो जिवंत माणसासोबतच करावा लागतो. व्हिडिओ कॉलवरही चालतो, पण दार लावून, इअरफोन घालून. घरचे ऐकताहेत असं वाटलं तरी पुन्हा घसा आवळेल.

जीव नकोसा वाटत असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.