जुनी वंशावळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना

तुमच्या काकांनी ‘पर्सनल अँसेस्ट्रल फाइल’ या जुन्या वंशावळ-प्रोग्रॅममध्ये भरलेली वंशावळ ‘ग्रॅम्प्स’ या नव्या प्रोग्रॅममध्ये आणायची असेल, तर प्रथम मूळ फाइलची प्रत काढून ती वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका. तो जुना प्रोग्रॅम २०१३ साली बंद झाला. ग्रॅम्प्स त्याची फाइल थेट वाचत नाही, म्हणून जुन्या संगणकावरूनच ती जेडकॉम (वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याचे सामाईक फाइल-स्वरूप) स्वरूपात काढून घ्यावी लागते आणि त्या वेळी यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी संकेतपद्धती) हा पर्याय निवडावा लागतो. छायाचित्रे जेडकॉमबरोबर येत नाहीत, येतो तो केवळ त्यांचा संगणकावरील पत्ता. छायाचित्रांचा फोल्डर स्वतंत्रपणे न्या.

आपल्याकडची खरी अडचण मात्र फॉन्टची असते. नावे युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिप्यांसाठीची आजची प्रमाण अक्षरप्रणाली येण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर ती नव्या प्रणालीत निरर्थक रोमन अक्षरे म्हणून उमटतात. ती आयातीपूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरक नेमके तिथेच चुकतात.

‘शके १८२०, चैत्र शुद्ध ५’ अशी नोंद सॉफ्टवेअर तारीख म्हणून ओळखत नाही, त्यामुळे तारखेच्या रकान्यात इसवी सन १८९८ लिहा, पण मूळ तिथी टिपणीत जशीच्या तशी राहू द्या. सुनांची माहेरची नावे मुख्य रकान्यात आणि सासरची पर्यायी नाव म्हणून नोंदवा, हा माझा आग्रह आहे. अन्यथा त्यांची माहेरची शाखा पुढे शोधता येत नाही. दत्तकाचे नातेसंबंधही एकेक करून पडताळा.