बड मुका झाला अन् बिल जवायाच्या नावावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या एका खेड्यातून एका ताईंचा मेसेज आलाय, थोडा कमी करून देतो: "वकीलसाहेब, मी घरी ब्लाउज अन् फॉल-पिकोचं काम करतो, मोटरची मशीन हाय, दिवसभर कानात भजन नाहीतर बातम्या चालू राहते. पहिले वायरचं इअरफोन होतं, ते मशीनच्या चाकात गुंतून तुटलं. मंग जवायानं पुण्याहून ऑनलाइन बिनवायरचे इअरबड मागवून देल्ले, 1,799 चे, बिल त्याच्या नावावर, पैसे मी फोनवरून त्याले पाठवले. पाचव्या महिन्यात उजवा बड मुका झाला. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरले नेला तर म्हणे आतमंदी पाणी गेलं, वॉरंटीत बसत नाही, 1,150 द्या. पाण्यात तर मी कधी टाकला नाही जी. वरून म्हणे बिल तुमच्या नावाचं नाही, अन् तुम्ही धंद्यासाठी वापरता. आता ह्या जुन्याचं काही होते का, अन् नवीन घ्यायचे तर काय पाहून घेऊ?"

ताई, होते ना. पण सगळ्यात पहिले, तो मुका बड कोणाले उघडू देऊ नका. तुमच्या गावातही असेलच एखादा मोबाइलवाला, "द्या काकू, पाहून देतो" म्हणणारा, पोरगा चांगला असते पण त्यानं एकदा पिन घालून उचकलं की कंपनी म्हणते बाहेर खोललं, अन् मग आपलं बोलणंच बंद. खोका, चार्जिंग केस, दोन्ही बड एका डब्यात ठेवून द्या.

बिलाचं टेन्शन घेऊच नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(7) मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे, त्यात विकत घेणारा तर येतोच, पण त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणाराही येतो, अन् ऑनलाइन खरेदी पण धरली आहे. जवायानं घेऊन दिले अन् सासूबाई वापरून राहिल्या, यापेक्षा सरळ उदाहरण मला सुचत नाही. जवायाकडून दोन ओळी लिहून घ्या की मी हे सासूबाईंसाठी मागवले, अन् तुम्ही पाठवलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, झालं.

आता धंद्याचं. हे ऐकून मला हसूच आलं, कारण बडनं ब्लाउज शिवल्या जात नाही, तुम्ही शिवता, कानात भजन चालू आहे म्हणून ते काही धंद्याचं सामान होत नाही. अन् समजा धंद्याचं मानलं तरी, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा 'व्यापारी हेतू'त धरतच नाही. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या केसमध्ये टाइपरायटरचंच उदाहरण दिलं होतं, दुसऱ्यांचं टायपिंग स्वतः करून पोट भरणारा ग्राहकच राहतो. टाइपरायटरच्या जागी शिलाई मशीन ठेवा, गोष्ट तीच.

खरी मारामारी पाण्याची आहे. खोक्याचा फोटो तुम्ही पाठवला हे बरं केलं, त्यावर 'स्वेट रेझिस्टंट' अन् आयपीएक्स4 असं दोन्ही छापलं आहे. यातला 4 म्हणजे चारी बाजूनं शिंतोडे उडाले तरी चालते, बुडवलं तर नाही. पण ती टेस्ट साध्या पाण्यानं होते अन् घामात मीठ असते, मिठानं चार्जिंगच्या पिना गंजतात, कंपनीचा वकील हेच बोलणार. त्याला आपलं उत्तर 'स्वेट' हा शब्द. घामाला चालते असं तुम्हीच छापून विकलं, आता मे महिन्यात 45 डिग्रीत टिनाखाली बसून शिवणाऱ्या बाईच्या कानाला घाम आला तर ते पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाही? असं करणं कलम 2(47) च्या अनुचित व्यापारी प्रथेत बसते असं आपण मांडायचं. एक मात्र मला खरं सांगा, कधी ओढणीसोबत बादलीत गेला होता का, नाहीतर ओला पुसून न घेता केसमध्ये ठेवायची सवय होती का? वकिलापासून लपवलं की ते बरोबर सुनावणीच्या दिवशीच बाहेर येते.

करायचं काय ते सांगतो. त्या ऑनलाइन साइटचं ते पान, जिथं घामाचं लिहिलं आहे, त्याचा आजच तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, ही पानं बदलतात. मग ॲपवरून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार टाका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते अन् महिनाभरात निकाल लावायचा असतो. 'सात दिवसांची रिप्लेसमेंट संपली' असं ॲप म्हणेल, म्हणू द्या, ती मुदत वेगळी अन् वर्षाची वॉरंटी वेगळी. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनले 1915 वर फोन करा, मराठीत बोलता येते. ती हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ते फक्त कंपनीकडे तक्रार सरकवतात, पण एवढ्या रकमेचे बरेच मामले तिथंच मिटतात, कारण कंपनीलाही 1,799 साठी यवतमाळले माणूस पाठवणं परवडत नाही.

नाहीच मिटलं तर कंपनी, विकणारा अन् साइट तिघांनाही स्पीड पोस्टनं नोटीस, पंधरा दिवसांची. लांबलचक लिहू नका, "घामाला चालते असं छापून विकलं अन् घामाच्या कारणानं वॉरंटी नाकारली, उजवा बड डाव्याला जोडून चालू करून द्या नाहीतर 1,799 अन् नागपूरचं येणंजाणं परत करा" एवढं पुरे. मग यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथंच करता येते, कलम 34, पुणं-बंगलोर करायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, ऑनलाइन पण भरता येते, अन् वकील लागत नाही, मी पण यासाठी तुमच्याकडून फी घेणार नाही. फक्त मानसिक त्रासाचे एक लाख मागू नका. लोक मागतात, अन् मग खऱ्या मागणीकडेही कोणी सिरियसली पाहत नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलं आहे, लॅब टेस्ट लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्तच धरून चाला. लॅबची फी आपल्याच अंगावर येऊ शकते, म्हणून टेस्टच्या भानगडीत न पडता खोका अन् जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरनं कारण लिहून दिलेला कागद, यावरच जोर द्यायचा.

तोवर कान काही रिकामे ठेवायचे नाहीत. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात एकच बड सुटा मिळते असं कोणी सांगेल, घेऊ नका, त्याचं बिल मिळत नाही अन् डाव्याशी जोडी जमेल याची गॅरंटी नाही. माझ्या बायकोनं नेकबँड सुचवला, पडत नाही, चार्जिंग पुरते, पण तुमच्या गळ्यात तर दिवसभर टेप असते, तो अन् हा एकमेकांत अडकतील. बडच घ्यायचे तर आयपीएक्स4 मधला एक्स पाहा, एक्स म्हणजे धुळीची टेस्ट सांगितलेलीच नाही, अन् तुमच्याकडं कापडाचं तूस चोवीस तास उडते, ते जाळीत बसते अन् आवाज मंद होतो. आयपी54 किंवा 55 लिहिलेले बरे. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक ब्युरोचा, आर- पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कस्टमर केअर नंबर खोक्यावर नसेल तर हातातला खोका परत ठेवा. अन् बासबिस ऐकण्याआधी वॉरंटीच्या बारीक अक्षरात 'लिक्विड डॅमेज' शोधा. शंभर-दोनशे जास्त गेले तरी तालुक्याच्या दुकानातून जीएसटी बिल घेऊन घ्या, तुमच्याच नावाचं, दुकानदार समोर असते, बिघडलं की त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येते. संध्याकाळी काम संपलं की कोरड्या फडक्यानं पुसून मगच केसमध्ये ठेवा, हे वकील म्हणून नाही सांगत, माझेही दोन गेले आहेत.

बाकी जॉबशीटचा फोटो परत पाठवा, जरा उजेडात काढून. तुमच्या फोटोत कारणाच्या रकान्यातली अर्धी ओळ कात्रीखाली गेली आहे, 'पाणी' लिहिलं की 'घाम' तेच दिसत नाही.