मेळघाटात जाण्याआधी

प्रिय बाळ,

मेळघाटला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण तुझ्या यादीत चिखलदऱ्याचे पॉइंट, गाविलगड आणि वाघ एवढंच दिसलं, म्हणून हे पत्र.

पॉइंट एका सकाळीत होतात. गाविलगडाला अर्धा दिवस दे. वाघाचं म्हणशील, तर देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. पण डोंगर उभे, रान दाट, वाघ सहसा दिसत नाही. सागाच्या उघड्या फांदीवर मात्र नजर ठेव. रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबड, तिथं भरदिवसा बसतो. १८८४ नंतर तो कोणाला सापडत नव्हता, थेट १९९७ साली शहाद्याजवळ दिसला, आणि पुढं मेळघाटातही.

मग सेमाडोहला उतर. तिथल्या नदीचं नाव सिपना; कोरकूत, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, सिपना म्हणजे साग. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा, शेजारच्या गोंडीशीही तिचं नातं नाही. म्हणजे तिथली म्हातारी माणसं मराठी बोलतात ती तुझ्या सोयीसाठी. निदान पाण्याला ‘डा’ म्हणतात एवढं तरी शिकून जा.

जमलं तर मार्चअखेरीस जा. रान निष्पर्ण असेल, फोटो हिरवे येणार नाहीत. पण मोह तेव्हाच गळतो. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. विचारून त्यांच्याबरोबर वेचायला बस. तासाभरात पाठ धरते, टोपलीचा तळ जेमतेम झाकतो, आणि वाळल्यावर तेही वजन राहत नाही. फुलं दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे पेटतात. वनखातं आणि गाव यांच्यातली खरी ओढाताण तिथं, त्या पाल्यापाशी तुला समजेल. दोघांचंही ऐकून घे.

गावाजवळ सागाच्या कोरीव फळ्या दिसतील, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेल्या. ते मुंडे, गेलेल्या माणसांची स्मारकं. त्यांना टेकू नकोस, विचारल्याशिवाय फोटोही नको. पैसे देऊन नाच करायला लावू नकोस. होळीच्या दिवसांत तो आपसूक होतो. तेव्हा बायका गाडी अडवून फगवा, म्हणजे होळीची खुशाली, मागतील, हसून दे. कुपोषणाच्या बातम्या तू वाचल्या आहेस, म्हणून कोणाच्या चुलीपाशी जाऊन चौकश्या करू नकोस. घरात बोलावलं आणि कुटकीचा, म्हणजे तिथल्या बारीक भरडधान्याचा, भात पुढं आला, तर पोटभर जेव.

परतवाड्याला पेट्रोल भरून घे. पुढं घाटात फोन लागत नाही, घरी आधीच सांगून ठेव.

तुझा,
काका