नाव कोरलेली वारशाची बंदूक : घासण्याआधी, विकण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबांची बाराबोरची दुनळी बंदूक तुमच्या वाट्याला आली आहे. दस्त्याच्या खालच्या कडेला चांदीची छोटी लंबगोल चकती आहे, तिच्यावर त्यांची आद्याक्षरं. नळ्या जिथे बिजागरीसारख्या उघडतात त्या पोलादी भागावर, म्हणजे अ‍ॅक्शनवर, त्यांचं पूर्ण नाव कोरलेलं आहे. घरात कुणी बंदूक चालवत नाही. ठेवावी की विकावी, आणि विकायची तर नाव घासून काढावं का?

नाव घासू नका. ठेवणं, विकणं, नातेवाइकाला देणं यांपैकी काहीही वर्षभराने ठरवलं तरी बिघडत नाही. घासलेलं पोलाद मात्र परत येत नाही. पण नावाच्याही आधी दोन कामं आहेत : बंदूक रिकामी आहे याची खात्री आणि कागदपत्रं.

रिकामी आहे असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी भरलेली आहे असं धरूनच हात लावा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, वरचा खटका उजवीकडे ढकलून नळ्या खाली झुकवायच्या आणि दोन्ही कोठ्यांत, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, टॉर्च मारून पाहायचं. बाहेर घोडे असतील आणि त्यातला एखादा ताणलेला दिसला, तर तो अंगठ्याने सोडायला जाऊ नका. जुन्या घोड्याचा दात झिजलेला असतो, तो निसटतो. खटका अडकला असेल तर हातोडी, तेल, ताकद यांतलं काहीच नको. बंदूक आहे तशी ठेवा आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवा.

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक असेल तर जास्तच जपा, कारण काळी दारू (जुन्या पद्धतीची, धूर करणारी) कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते. तिथे साधी लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून त्या खुणेवर धरून पाहायची. काठीचं टोक मागच्या निपलच्या (ठिणगी आत जाते ती टोपी बसवायची बारीक नळी) अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. हे तपासताना कुणीही तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि बार काढायचं काम कारागिराचं.

घरात जुनी काडतुसं सापडली तर ती कचऱ्यात टाकू नका, तेलात भिजवू नका, "संपवून टाकू" म्हणून उडवू तर मुळीच नका. कागदी काडतूस दमट हवेत फुगतं आणि कोठीत अडकतं. ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होतात.

आता कागद. जिथे परवाना लागतो तिथे एक गोष्ट बहुतेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही : वारशाने वस्तू मिळते, परवाना मिळत नाही. परवाना गेलेल्या माणसाच्या नावावर होता, त्यामुळे कपाटातली बंदूक आज कुणाच्याच परवान्यावर नसू शकते. परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी फोन करा, कळवल्याची तारीख आणि बोललेल्या अधिकाऱ्याचं नाव टिपून ठेवा, आणि बंदूक कुठे, कशी आणायची ते त्यांनाच विचारा. आधी न कळवता बंदूक हातात घेऊन ठाण्यात जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ती परवानाधारक विक्रेत्याकडे तात्पुरती ठेवता येते, आणि निर्णयाला वेळ हवा असेल तर हाच सगळ्यात चांगला मार्ग. पावतीवर अनुक्रमांक, निर्माता, बोअर (नळीचं माप) आणि "अ‍ॅक्शनवर नाव, दस्त्यावर चांदीची चकती" असा स्पष्ट उल्लेख लिहून घ्या. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची लेखी संमती आत्ताच घ्या. बंदुकीचे तुकडे करून वाटणी होत नाही, आणि विकल्यानंतर निघालेली भांडणं फार कडू होतात.

घरात लहान मुलं असतील, किंवा कुणी मानसिक दृष्ट्या खचलेल्या काळातून जात असेल, तर निर्णय होईपर्यंत बंदूक घराबाहेरच असली पाहिजे. कपाटाला कुलूप आहे एवढ्यावर विसंबू नका. किल्ली कुठे असते हे घरातल्या माणसांना ठाऊक असतं.

यानंतर, हातात नेमकं काय आहे ते समजून घ्या. नळ्या सुट्या केल्या की त्यांच्या खालच्या सपाट भागावर बारीक छाप दिसतात. ते चाचणीघराचे, म्हणजे नळ्या दाब सोसतात का हे तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के. बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 पासूनचं आहे, लंडनचं त्याहून जुनं. अंडाकृती चौकटीत ईएलजी अशी अक्षरं असतील तर नळ्यांची चाचणी बेल्जियममधल्या लिएजला झाली. इंग्रजी शिक्क्यांत एनपी ही अक्षरं धूररहित दारूच्या चाचणीची खूण. ती नसेल तर नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असू शकतात. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती बहुधा डमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली. ती वाईटच असते असं नाही, पण नळीच्या भिंतीची जाडी मापल्याशिवाय तिच्यातून एकही काडतूस उडवू नये.

कोठीची लांबीही मापून घ्या. जुन्या बाराबोरची कोठी बऱ्याचदा 65 मिमी असते, आजचं नेहमीचं काडतूस 70 मिमीचं. फसगत इथेच होते, कारण ते काडतूस कोठीत आरामात बसतं. 70 मिमी ही उडाल्यावर, तोंडाची घडी उलगडल्यावरची लांबी. घडी उलगडायला जागा नसली की ती नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो.

कारागिराकडे असताना एक परीक्षा शेजारी उभं राहून ऐका. नळ्या सुट्या करून खालच्या हुकात दोरी अडकवून टांगायच्या आणि बोटाच्या सांध्याने टिचकी मारायची. सांधे धड असतील तर घंटेसारखा लांब नाद येतो. दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी कुठे सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा बसका आवाज येतो. पट्टी सुटली असेल तर आत पाणी साचून नळ्या मधून गंजतात, आणि तो गंज बाहेरून दिसत नाही.

आता नाव. चांदीची चकती ही मुळातच मालकाच्या अक्षरांसाठी बसवलेली असते. ती लाकडात चिकटवलेली किंवा बारीक खिळ्यांनी धरलेली असते, आणि चांगला दस्तेकार ती लाकूड न दुखवता काढून त्याच मापाची कोरी चकती बसवू शकतो. जुनी चकती तुमच्याकडे राहते. बंदूक विकली तरी आजोबांची अक्षरं घरात राहतात, आणि बंदुकीचं काही बिघडत नाही. तुमच्यासारख्या बंदुकीत मला हाच मार्ग सगळ्यात जास्त पटतो.

पोलादावरच्या नावाचं तसं नाही. जुन्या अ‍ॅक्शनचा पृष्ठभाग भट्टीत कोळशाबरोबर तापवून कडक केलेला असतो. निळे-करडे-तपकिरी ढग त्याच पातळ थरात असतात. अक्षरांच्या खोलीपर्यंत घासलं की ते रंग जातात, थर पातळ होतो, शेजारची नक्षी पुसट होते आणि स्क्रूंच्या डोक्यांच्या कडा गोल होतात. खिडकीच्या उजेडात बंदूक तिरपी धरली की प्रतिबिंब तिथेच लाटेसारखं हलतं. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच पाहतं, आणि इथे काय लपवलं असा प्रश्न पडला की भाव नावामुळे घसरला असता त्याहून जास्त घसरतो. वेल्डिंगने अक्षरं भरून, सपाट करून, पुन्हा कडक करायची पद्धत आहे, पण उष्णतेने अ‍ॅक्शन वाकडी होऊ शकते. सामान्य बंदुकीसाठी तो खर्च विकून निघत नाही. अनुक्रमांकाजवळ तर कानस न्यायचीच नाही. तो मिटवणं किंवा बदलणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

नावाने भाव किती उतरतो हे बंदुकीवर अवलंबून आहे. कारखान्यात हजारोंनी निघालेल्या आधुनिक बंदुकीवर अनोळखी नाव म्हणजे तोटाच. मोठ्या निर्मात्याच्या जुन्या हातबनावटीच्या बंदुकीवर पहिल्या मालकाची अक्षरं बहुधा खपून जातात, कधी उपयोगीही पडतात. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारख्या निर्मात्यांच्या नोंदवह्या टिकून आहेत. अनुक्रमांकावरून मूळ गिऱ्हाइकाचं नाव मिळालं आणि ते कोरलेल्या नावाशी जुळलं, तर तो बंदुकीच्या इतिहासाचा पुरावाच झाला. कोल्ट या अमेरिकी बंदूक कंपनीकडून अशा नोंदींचं पत्र पैसे भरून मिळतं. सैन्यातली भेट किंवा स्पर्धेचं बक्षीस म्हणून कोरलेला मजकूर असेल तर एक अक्षरही हलवू नका, आणि तिच्याबरोबरचा फोटो, पत्र, पदक वेगळं विकू नका.

किंमत ठरवून घेण्याआधी पॉलिश करू नका. सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. मऊ कापडावर थोडं तेल, बस. ढगाळ रंगांवर तारेचा ब्रश किंवा गंज काढणारं रसायन नको. किंमत दोन ठिकाणी विचारा, आणि विकत घेणारा सांगेल तो आकडा शेवटचा मानू नका. विक्रेता लगेच पैसे देतो पण कमी देतो, लिलावात जास्त मिळू शकतात पण वेळ आणि दलाली जाते.

ठेवायची ठरली तर चामड्याच्या पेटीत कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या आम्लाने पोलादावर डाग पडतात. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. उभी ठेवणार असाल तर नळ्यांची तोंडं खाली, नाहीतर वर्षानुवर्षं तेल झिरपून दस्त्याच्या मानेचं लाकूड काळं, भुसभुशीत होतं. निकामी करून भिंतीवर लावायचा पर्यायही काही देशांत आहे, पण ते काम अधिकृत माणसाकडूनच व्हावं लागतं आणि परत फिरवता येत नाही. चांगल्या हातबनावटीच्या बंदुकीवर ते करू नये. त्यापेक्षा संग्रहालयाला विचारा, मात्र ती मांडली जाईल की गोदामात जाईल हे लेखी घ्या.

काहीही ठरलं तरी नावाचा ठसा आजच घ्या. पातळ कागद अक्षरांवर ताणून धरा, मऊ पेन्सिलीची शिस आडवी करून हलक्या हाताने फिरवा : खोलगट अक्षरं पांढरी उमटतात, बोटाएवढ्या जागेत आजोबांचं नाव कागदावर येतं. मग बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. ठसा, फोटो आणि जुना परवाना एका पाकिटात ठेवा. तुमचं नाव त्यांच्या नावाखाली कोरून घ्यायचा विचार मनात असेल तर तो पोलादावर नको. पेटीच्या झाकणाच्या आत पितळी पट्टी लावा, दोन स्क्रूंवर, पुढच्या माणसाला काढता येईल अशी.