'ईम'चं बेट

प्रश्न असा आला होता : इंग्लंडमधल्या डार्बीशर परगण्यातल्या त्या प्लेगच्या गावाचं नाव मराठीत 'एयम' लिहायचं की 'इयाम'? आणि प्लेगात गावाने स्वतःला कोंडून घेतलं म्हणून त्याला 'बेट' म्हणू लागले, हे खरं का?

उच्चाराचं सोपं आहे. गावकरी 'ईम' म्हणतात, आपणही 'ईम'च लिहावं. स्पेलिंगमागे धावलो तर फसतो.

दुसरी गोष्ट मात्र अर्धीच खरी. नावात बेट आहे, पण प्लेगशी त्याचा काही संबंध नाही. लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग ईममध्ये शिरला तो १६६५ साली, असं सांगतात. गावाचं नाव मात्र १०८६च्या डूम्सडे या इंग्लंडमधल्या जमिनींच्या नोंदवहीतही सापडतं. जुन्या इंग्रजीत 'एग' किंवा 'ईएग' म्हणजे बेट. त्याचं अनेकवचनी सामान्यरूप 'एगुम', म्हणजे 'बेटांपाशी'. शेवटचा 'म' हा विभक्तीचा अवशेष आहे. बर्मिंगहॅमसारख्या नावांतल्या 'हॅम'शी त्याची गल्लत करू नये.

समुद्रापासून लांब, डोंगरात बेट कुठून आलं? हे कोडं मराठी माणसाला पडायला नको. आपणही बांबूचं बेट म्हणतोच की, आणि कोपरगावात गोदाकाठी 'बेट' नावाचा भाग आहे. चहूबाजूंनी पाणी हवंच असं नाही, आजूबाजूपेक्षा वेगळा उठून दिसणारा तुकडा असला तरी पुरतं. ईमच्या बाबतीत हे बेट म्हणजे ओढ्यांमधली जमीन असावी, असं मानतात. लंडनमधल्या बॅटरसी आणि बर्मंडसी या नावांच्या शेपटीतही हेच बेट लपलंय. 'आयलंड' शब्दाचा पहिला भागही तोच. त्यातला मुका 'एस' मात्र उपरा आहे, फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'च्या नादाने मागाहून घुसलेला.

आता कोंडून घेण्याबद्दल. जून १६६६मध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना शीव न ओलांडण्यासाठी राजी केलं. शेजारची गावं शिवेवर अन्न ठेवून जात. पैसे शिवेच्या दगडातल्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले असत. सुमारे २६० माणसं गेली, त्यांत मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही होती. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात अजूनही प्लेगात गेलेल्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना होते.

असं स्वतःला कोंडून घेण्याला मराठीत 'गावबंदी' म्हणावं, असंही कुणीतरी सुचवलंय. मला ते पटत नाही. २०२०मध्ये आपल्याकडे वेशीवर काटेरी फांद्या टाकून केलेली गावबंदी बाहेरच्यांना आत न येऊ देण्यासाठी होती. ईमने नेमकं उलट केलं. 'वाळीत टाकणं'ही नाही, कारण तिथे टाकणारे दुसरे असतात. 'विलगीकरण' सरकारी वाटतं खरं, पण 'स्व' जोडून तेच वापरावं लागेल. यापेक्षा बरा शब्द कुणाकडे असला तर जरूर सांगा.