बडोद्याहून कॅनडाला जायचंय आणि तिसरं मूल दत्तक घ्यायचंय, तर आधी काय करायचं

नमस्कार ताई, तुम्ही विचारलंय की डांडिया बझारात राहता, मुलगा दहाचा, मुलगी सहाची, कॅनडाच्या पीआरची (तिथे कायमचं राहायच्या परवानगीची) फाईल चालू आहे, मिस्टरांना अमेरिकेची पण एक ऑफर आलीय, आणि दोघांच्या मनात बरीच वर्षं आहे की तिसरं मूल दत्तक घ्यायचं. मग ते जायच्या आधी बडोद्यातच उरकून घ्यावं की तिकडे गेल्यावर. आणि सासूबाई म्हणतायत की नात्यातलंच एखादं घ्या, वकिलाकडून दत्तकपत्र करून टाका.

मी पण बडोद्याचीच, रावपुऱ्यातली. २०१५ मध्ये आम्ही दोन मुलांना घेऊन कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात आलो, धाकटी तेव्हा दीड वर्षाची पण नव्हती, आणि २०२३ च्या मार्चमध्ये आमची तिसरी घरी आली, तेव्हा ती जवळजवळ सहा वर्षांची होती. म्हणून लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

माझं स्पष्ट मत आहे की जायच्या आधी नको. आधी जा, स्थिरावा, मग सुरू करा. का ते सांगते.

आधी सासूबाईंचं बघू कारण ते सगळ्यात लवकर निकालात निघतं. वकील जे दत्तकपत्र करून देतात ते १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली असतं, आणि त्या कायद्यात सरळ लिहिलंय की घरात मुलगा असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. तुम्हाला दोन्ही आहेत, म्हणजे तो रस्ताच बंद. कोणी म्हटलं की होतं हो, रजिस्टर करून घेऊ, तर कृपा करून ऐकू नका, असा कागद बाहेरच्या देशाच्या व्हिसा ऑफिसरसमोर टिकत नाही आणि मग मूल इकडे आणि आईबाप तिकडे अशी वेळ येते.

तुमच्यासाठी रस्ता एकच, बालन्याय कायदा २०१५, आणि त्याखाली कारा, म्हणजे दिल्लीतलं केंद्रीय दत्तक प्राधिकरण, सगळं त्यांच्या पोर्टलवरून. नात्यातलं मूल या कायद्याने पण घेता येतं, भावाबहिणीचं वगैरे, पण तिथेही कारा लागतेच, आणि पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची संमती लागते. मला विचाराल तर ज्या मुलाचे आईवडील धडधाकट आहेत त्याला नुसतं परदेशाच्या संधीसाठी उचलून न्यायचं हे मला पटत नाही, आणि अमेरिकेला तर अजिबात चालत नाही, दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते मुलाला नीट सांभाळायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं.

आता खरा मुद्दा. काराचे २०२२ चे नियम आले त्यात आहे की ज्या जोडप्याला आधीच दोन किंवा जास्त मुलं आहेत त्यांना फक्त विशेष गरजा असलेली मुलं किंवा ज्यांना पालक मिळायला अवघड जातं अशी मुलंच दाखवली जातील. आधी ही अट तीन मुलांवर होती. म्हणजे तान्हं निरोगी बाळ तुम्हाला मिळणार नाही, ते मनातून काढा. आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं, कारण एकही मूल नसलेली जोडपी तीन तीन वर्षांच्या वर रांगेत थांबलीयत. तुम्हाला दिसतील ती वयाने मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, कोणाला ऐकू कमी. आमच्या तिसरीला एका कानाने ऐकू येत नाही.

आणि इथेच तुमच्या पीआरचा संबंध येतो, हे नीट वाचा. तुमची फाईल इकॉनॉमिक क्लासची, नोकरी-शिक्षणाच्या पॉइंटवरची. त्या फाईलमध्ये घरातल्या प्रत्येकाचं मेडिकल होतं आणि कोणाच्या उपचाराचा खर्च सरकारवर फार पडेल असं दिसलं तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज नाकारता येतो. पण तुम्ही पीआर होऊन तिथे राहायला लागलात आणि मग मुलाला फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे घरचं माणूस म्हणून, स्पॉन्सर केलंत, तर खर्चाचा तो निकष मुलाला लागतच नाही, कायद्यात तशी सूट आहे. एकच मूल, तोच कान, पण आधी आणलं तर अडचण होऊ शकते आणि नंतर आणलं तर नाही.

दुसरी गोष्ट याहून भयंकर. समजा तुम्ही बडोद्यात दत्तक घेतलं, ऑर्डर हातात आली, आणि फाईल अडकायला नको म्हणून नवीन मूल कॅनडाला कळवलंच नाही, की पुढे नेऊ. तर ज्या मुलाला पीआर व्हायच्या आधी कागदावर दाखवलं नाही आणि ज्याचं मेडिकल झालं नाही त्याला नंतर सहसा फॅमिली क्लासमध्ये स्पॉन्सर करता येत नाही. नियम कडक आहे आणि चूक अज्ञानाने झाली असली तरी तो लागतो. एका ओळखीच्या घरात (दत्तक नव्हे, पहिल्या लग्नातला मुलगा होता) हे झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय, त्या बाईची अवस्था अजून आठवते.

शिवाय भारतात राहून दत्तक घेतलंत की पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलो-अप असतो, त्यात देश सोडलात तर कळवावं लागतं आणि रिपोर्टची जबाबदारी तिकडे न्यावी लागते. आणि नुसतं रजिस्ट्रेशन करून, होम स्टडी (सोशल वर्करकडून घराची आणि घरच्यांची तपासणी) करून निघालात तर ती होम स्टडी तिथे कामाची नाही, परदेशात राहणाऱ्यांची होम स्टडी तिथल्या अधिकृत संस्थेनेच करावी लागते. म्हणजे पैसे आणि वर्ष दोन्ही गेलं.

अमेरिकेचं थोडक्यात. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग करारात (दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबद्दलचा) आहेत, आणि तिथे त्या रस्त्याने मूल आणायचं तर नवराबायकोत एक जण तरी अमेरिकन नागरिक असावा लागतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना ते होत नाही. डिपेंडंट म्हणून न्यायचं तर दत्तक होऊन दोन वर्षं मूल तुमच्या ताब्यात, तुमच्याबरोबर राहिलेलं असावं लागतं, म्हणजे एकाने दोन वर्षं भारतात. दत्तक हे खरंच मनात असेल तर कॅनडा आणि अमेरिका यातली निवड त्यावरून पण करा, नुसत्या पगारावरून नको.

तर आम्ही काय केलं. पासपोर्ट आमचे भारतीयच होते, नुसतं पीआर, म्हणजे काराच्या हिशेबात एनआरआय, आणि एनआरआयना रांगेत भारतातल्या पालकांच्या बरोबरीने धरतात. ओन्टारिओत आधी परवाना असलेली एजन्सी, मग २७ तासांचं ट्रेनिंग, मग होम स्टडी, मग प्रांताची मंजुरी, आणि त्यानंतरच फाईल भारतात. ओन्टारिओत राहून ही मंजुरी नसताना परस्पर भारतात जाऊन दत्तक उरकणं हा तिथे गुन्हा आहे, प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे आहेत म्हणून कुठल्या शहरात उतरायचं ते आधी ठरवा आणि मधेच प्रांत बदलू नका.

होम स्टडीत माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते. धाकटीच्या जन्मानंतर मला सात-आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या होत्या, आणि मी ते फॉर्ममध्ये लिहिलंच नाही, वाटलं नापास करतील. डॉक्टरच्या पत्रात अर्थात ते आलं. सोशल वर्कर बाई गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं की तुम्ही लपवलंत का, उद्या मुलीला त्रास झाला तर तोही लपवाल का. त्यानंतर तीन जास्तीच्या भेटी आणि पाच महिने. सगळं सांगा ताई, सासूबाईंचा विरोध असेल तर तोही सांगा.

मुलांशी सोशल वर्कर बाई वेगळ्या बोलल्या, दार लावून, आम्ही बाहेर. थोरल्याने त्यांना विचारलं म्हणे की मी नको म्हटलं तर आईबाबा ऐकतील का. हे ऐकून मला रडूच आलं, कारण आम्ही मुलांना सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. तुमचा दहा वर्षांचा आहे, त्याला आत्ता विचारा, आणि देश बदलल्यावर एक वर्षाने पुन्हा विचारा. नवी शाळा, नवी भाषा, बर्फ, आजीआजोबा लांब, हे सगळं त्याच्यावर पडणार आहे, त्याच वेळी घरात नवीन बहीण किंवा भाऊ आणणं हा त्याच्यावर अन्याय होईल, मला मनापासून वाटतं. ही पण नंतर सुरू करा म्हणायची कारणं आहेत, व्हिसाइतकीच मोठी. आणि येणारं मूल तुमच्या सगळ्यात धाकट्याहून लहान असलेलं बरं, आमच्या सोशल वर्करचा त्यावर फार भर होता आणि आता मला कळतं का ते.

२०२२ च्या सुरुवातीला आम्हाला मुलीचे कागद आले, अभ्यास अहवाल आणि मेडिकल अहवाल. ते अहवाल कॅनडातल्या मुलांच्या डॉक्टरला दाखवा, घाई करू नका. मग काराची एनओसी, मग फाईल कोर्टात, आणि नेमकं त्याच वेळी १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, आमची फाईल इकडून तिकडे. ऑर्डर जानेवारीत आली. त्यानंतर काराचं हेगचं सर्टिफिकेट, तिचा जन्मदाखला, पासपोर्ट, आणि कॅनडाचा व्हिसा. या सगळ्यात मी एकूण चार महिने भारतात, आधी तिच्या गावी आणि मग माहेरी बडोद्याला, आणि नवरा तिकडे दोन मुलं आणि नोकरी सांभाळत, कारण पीआरवाल्याने स्पॉन्सर करायचं तर तो कॅनडात राहत असला पाहिजे. हे चार महिने कोण कसे काढणार याचा प्लॅन आधी करा. आम्ही केला नव्हता, धाकटीने व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलणंच बंद केलं होतं.

खर्च आमचा सगळा मिळून २५ हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास, त्यात भारतातल्या संस्थेला ठरलेले ५,००० अमेरिकन डॉलर, बाकी एजन्सी, होम स्टडी, तिकिटं. पावत्या जपा, टॅक्समध्ये दत्तकाच्या खर्चाची सवलत मिळते. आणि दत्तक आईबापांनाही पेरेंटल बेनिफिट (मुलासाठी घेतलेल्या रजेतले पैसे) मिळतो, पण त्याआधीच्या वर्षात ६०० तासांचं काम तिथल्या नोकरीच्या विम्याखाली झालेलं लागतं, म्हणजे नोकरी आधी, हेही परत तेच.

आता घरातलं. ती ओडिया बोलायची. आम्हाला मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी येतं आणि पोरीला यातलं काहीच नाही. भात म्हटलं की कळायचं, पाणी म्हटलं की कळायचं, तेवढ्यावर पहिला आठवडा. पाणी प्यायचं असलं तरी भिंतीला लागून उभी राहायची, कोणी हो म्हणेपर्यंत. एकटीला पलंगावर झोप यायची नाही, संस्थेत ओळीने झोपायची सवय, म्हणून ओन्टारिओत आमच्या ब्रॅम्प्टनच्या घरी गेल्यावर हॉलमध्ये गाद्या घातल्या आणि तिन्ही मुलं ओळीने, ते सात महिने चाललं. आम्ही तिच्यासाठी सजवलेली खोली तशीच पडून होती. बोलणारा माणूस तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसला पाहिजे, हे सगळ्यात आधी थोरल्याच्या लक्षात आलं, आमच्या नाही. जेवायच्या टेबलावर जागा त्याने बदलल्या.

आणि धाकटी, आमची आठ वर्षांची, ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. मी सगळा वेळ नवीच्या मागे, डॉक्टर, कानाची टेस्ट, शाळेची ॲडमिशन, आणि ही शहाणी आहे ना, करेल आपलं आपण, असं धरून चाललेली. शाळेतून टीचरचा फोन आला तेव्हा कळलं की ती डबा परत आणत नाही म्हणजे खाते असं नाही, टाकून देते. त्यानंतर दर शनिवारी सकाळी दोन तास फक्त तिचे, बाकी कोणी नाही, अजूनही चालू आहे. तुम्ही हे पहिल्या आठवड्यापासून करा, दोन्ही मुलांसाठी वेगवेगळं.

काराला रिपोर्ट दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा. ते ओझं वाटलं नाही, उलट कोणीतरी येऊन विचारतंय याचा आधार वाटला.

माझी आजी सुरुवातीला म्हणाली होती की एवढी मोठी पोर, ती काय आपली होणार. तिला मी म्हटलं, आजी, तू रोज ज्यांच्या बागेत फिरायला जातेस ते सयाजीराव कोण, नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ, बारा वर्षांचा होता, १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हतं, आणि जमनाबाईंना स्वतःची मुलगी होतीच की घरात. राज्याला वारस हवा होता ते खरं, पण मूल मोठं होतं आणि घरात आधीचं मूल होतं ते पण खरंच. आजी काही बोलली नाही, पण आम्ही बडोद्यात होतो तेव्हा रोज संध्याकाळी पोरीला हाताला धरून कामाठीबागेत तीच न्यायची, आणि आमच्या पोरीचा पहिला मराठी शब्द आजीकडूनच आला, चल.

सासूबाईंना ही गोष्ट सांगून बघा.

आत्ता करायचं ते एवढंच. पीआरच्या फाईलमध्ये आहे ते सगळं खरं ठेवा आणि दत्तकाचं कुठलंही रजिस्ट्रेशन आत्ता करू नका. निघताना तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट, चौघांचे जन्मदाखले, पोलिस क्लिअरन्स, आणि तुमच्या डॉक्टरकडून जुन्या आजारांचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन सर्टिफाइड कॉपी सोबत घ्या. जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आत्ताच बघा, माझ्या एका अक्षरासाठी भावाला बडोद्यात सहा चकरा माराव्या लागल्या. उतरलात की कुठल्या प्रांतात आहात ते कळवा, ओन्टारिओ असेल तर ट्रेनिंगच्या तारखा कशा मिळवायच्या ते मी सांगेन.